अतिथियज्ञाची दक्षिणा

घरी आलेल्या परक्या माणसाला जेवू घालणे हे भारतीय परंपरेत पुण्यकर्म मानले गेले आणि शिजवलेले अन्न विकणे हे त्याच परंपरेत दीर्घकाळ कमीपणाचे समजले गेले. कोकणातील ज्या गावांत गेल्या दोन दशकांत निसर्गपर्यटन रुजले, म्हणजे एखादा प्राणी, खाडी किंवा जंगल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशातून त्या निसर्गाचे रक्षण व्हावे आणि गावातील घरांनाही उत्पन्न मिळावे अशी व्यवस्था उभी राहिली, तेथे या दोन्ही समजुती एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या आहेत. पाहुणा येतो, त्याचे पान मांडले जाते आणि निघताना तो ठरलेले पैसे देतो. पान वाढणारी बाई मात्र तीच असते, जिने याआधी आयुष्यभर आल्यागेल्याला विनामोबदला जेवू घातले. पैसे घेतल्यामुळे तिच्या आतिथ्यातील धर्म लोपतो काय, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसला तरी तो मुळात धर्मविचाराचा आहे. कारण कर्म कोणाचे, त्याचे फळ कोणाला आणि दान देण्याचा अधिकार कोणाचा, हे धर्मशास्त्राचे आणि मीमांसेचे जुने वादविषय त्याच्या तळाशी आहेत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. आज ते ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे अधिक ओळखले जाते. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांसाठी ती पुन्हा येत नाही. ही अंडी पूर्वी माणसे आणि कोल्ही-कुत्री उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा काळ कासव महोत्सव म्हणून लोकांना खुला झाला. वर आलेली पिल्ले टोपलीखालून काढून, दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसांसमोर वाळूवर सोडली जातात आणि ती आपल्या पायांनी लाटेपर्यंत जातात. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. सकाळी लवकर किनाऱ्यावर निघण्याआधी त्यांना चहा लागतो, परतल्यावर पोहे किंवा घावणे, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी. म्हणजे घरातील बाईचा दिवस पाहुण्याच्या आधी सुरू होतो आणि रात्रीची भांडी पालथी पडेपर्यंत संपत नाही.

१९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात याच गोष्टीचे दुसरे रूप दिसते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचे पाठबळ त्या प्रयत्नाला मिळाले. मच्छीमार कुटुंबांतील या स्त्रिया स्वतः वल्हे मारतात आणि भरती-ओहोटीच्या चिखलात उभी असलेली झाडे, त्यांची पाण्याबाहेर आलेली मुळे, त्यांत आसरा घेणाऱ्या कुर्ल्या आणि पक्षी पाहुण्यांना दाखवतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. होडी वल्हवून पैसे घेतल्याने धर्म बुडतो असे कोणी म्हणत नाही, कारण नावाड्याने तरीचे भाडे घ्यावे हे शास्त्राला आणि लोकांना सदैव मान्य होते. शंका येते ती फक्त चुलीच्या कामाबद्दल. एकाच स्त्रीचे दोन श्रम, एकाला मोल आहे आणि दुसऱ्याला मोल लावले की ते डागाळते, अशी ही विभागणी आहे; आणि ती कोठून आली हे पाहण्यासाठी अतिथिधर्माच्या मूळ मांडणीकडे जावे लागते.

अतिथीला देव मानण्याचा सुप्रसिद्ध उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत येतो. विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला, म्हणजे उद्याच्या गृहस्थाला, आचार्य तो करतात. स्मृतींनी या उपदेशाला रोजच्या कर्तव्याचे रूप दिले. गृहस्थाने दररोज पाच महायज्ञ करावेत असे मनुस्मृती सांगते: अध्यापनाने ब्रह्मयज्ञ, तर्पणाने पितृयज्ञ, होमाने देवयज्ञ, बलीने, म्हणजे जीवजंतूंसाठी अन्नाचा भाग काढून ठेवण्याने, भूतयज्ञ आणि अतिथीच्या सत्काराने नृयज्ञ. हे पाच यज्ञ का करावेत, याचे कारण तेथेच दिले आहे आणि ते विलक्षण आहे. प्रत्येक घरात नकळत हिंसा घडवणाऱ्या पाच जागा असतात, त्यांना ‘सूना’ म्हणतात: चूल, जाते किंवा पाटा, झाडणीसारखी साधने, उखळ आणि पाण्याचा घडा. तेथे बारीक जीव मरतात आणि त्या दोषाचे परिमार्जन यज्ञांनी होते. ही पाचही साधने ज्या हातांत दिवसभर असतात ते हात बाईचे आहेत, हे सांगायला कोणा टीकाकाराची गरज नाही. तरीही शास्त्रवाक्यात दोष गृहस्थाचा, परिमार्जन गृहस्थाचे आणि यज्ञाचा कर्ताही गृहस्थच. ज्या अन्नावाचून नृयज्ञ घडूच शकत नाही, ते रांधणारी व्यक्ती या मांडणीत साधनांच्या बाजूला जाऊन बसते.

मनुस्मृतीचा आधार घेताना दुसरेही स्मरण अपरिहार्य आहे. ज्या मंडणगड तालुक्यात वेळास आहे त्याच तालुक्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आहे, आणि लगतच्या महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले. त्या ग्रंथाचा अतिथिधर्म सर्व माणसांना सारखा नाही: ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा खऱ्या अर्थाने अतिथी नव्हे, वैश्य आणि शूद्र आले तर त्यांना नोकरांबरोबर जेवू घालावे, असे त्याच अध्यायात लिहिलेले आहे. म्हणून येथे हा ग्रंथ प्रमाण म्हणून घेतलेला नाही. ज्या विचाराच्या सवयी अजून घराघरांत जिवंत आहेत त्यांची लेखी नोंद म्हणून तो वाचायचा आहे.

आपस्तंब धर्मसूत्रातील एक नियम या सवयीवर मनुस्मृतीपेक्षाही लख्ख प्रकाश टाकतो. अतिथीसाठी अन्न कमी पडले तर गृहस्थाने स्वतःच्या, बायकोच्या किंवा मुलाच्या वाट्यात काटछाट करावी, पण घरात राबणाऱ्या दास-नोकराच्या वाट्याला कधीही हात लावू नये, असे आपस्तंब सांगतो. नोकराच्या बाजूने पाहिले तर हा नियम थोर आहे. ज्याने काम केले त्याचे अन्न पाहुण्याच्या नावावरही हिरावता येत नाही, इतकी स्वच्छ न्यायबुद्धी त्यात आहे. पण त्याच वाक्यात बायको दुसऱ्या बाजूला उभी आहे. ती राबते, मात्र राबणाऱ्यांत तिची गणना नाही; ती घरधन्याच्या ‘स्व’चा भाग आहे, आणि स्वतःच्या भागात काटछाट करणे हा त्याचा त्याग ठरतो. मागच्या पिढ्यांतील असंख्य घरांत पाहुण्यांची पंगत उठल्यावर खरवडीवर आणि उरलेल्या ताकावर भागवणाऱ्या बायका होत्या, त्यांची उपासमार या रीतीने दुसऱ्याच्या पुण्यात जमा होत राहिली. मनूने नववधू, कुमारिका, आजारी आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावे असे म्हटले आहे, आणि ही सवलत खरी करुणेची आहे. परंतु ती अवस्थेला आहे, श्रमाला नाही.

आता मीमांसा या प्रश्नाकडे कशी पाहील ते पाहू. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र, आणि यज्ञात प्रत्यक्ष कर्म कोण करतो व फळ कोणाला मिळते याचा तिने फार बारकाईने विचार केला आहे. यज्ञात आहुती देणारे, मंत्र म्हणणारे, सोम कुटणारे ऋत्विज असतात. ज्याच्यासाठी यज्ञ चालतो तो यजमान पुष्कळदा नुसता बसून असतो. मग स्वर्ग यजमानाला का मिळावा? जैमिनीच्या सूत्रांवरील शबराच्या भाष्यात याचे उत्तर आहे ते असे की यजमान दक्षिणा देऊन ऋत्विजांचे श्रम विकत घेतो. या व्यवहाराला तेथे ‘परिक्रय’ असे निःसंकोच नाव आहे. श्रम मोल देऊन घेतले, म्हणून ते यजमानाचे झाले, आणि म्हणून फळही त्याचे. दक्षिणेने यज्ञ विटाळत नाही; उलट दक्षिणेवाचून केलेला यज्ञ भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायाने तामस कोटीत टाकला आहे. म्हणजे परंपरेतील सर्वांत पवित्र कर्मात श्रमाचे मोल देणे हा अधर्म नव्हे, तर ते मोल न देणे हा अधर्म आहे.

हा न्याय नृयज्ञाला लावला की जे दिसते ते अस्वस्थ करणारे आहे. गृहस्थ हा यजमान, अतिथी ही देवता, आणि दळण-कांडण, रांधणे-वाढणे-उष्टी काढणे हे सारे प्रत्यक्ष कर्म करणारी स्त्री ही ऋत्विजाच्या जागी. मात्र या एकाच ऋत्विजाला दक्षिणा नाही. मीमांसेच्या स्वतःच्या तर्काप्रमाणे परिक्रय झालेला नसेल तर दुसऱ्याच्या श्रमाचे फळ यजमानाला आपले म्हणता येत नाही. शतकानुशतके घराघरांत साठलेले अतिथिपूजेचे पुण्य, त्या शास्त्राच्याच हिशेबाने, भलत्याच खात्यावर लिहिले गेले आहे असे म्हणावे लागते. निसर्गपर्यटनाच्या गावात पाहुण्याने मोजलेले पैसे जेव्हा खरोखर त्या स्त्रीच्या हाती पडतात, तेव्हा अतिथियज्ञाची जी दक्षिणा कधीच दिली गेली नव्हती ती प्रथमच दिली जाते.

यावर परंपरेचे उत्तर तयार आहे आणि ते गंभीरपणे ऐकले पाहिजे. पत्नी ही ऋत्विज नव्हे, ती सहधर्मिणी आहे, म्हणजे यजमानपणाचीच अर्धी वाटेकरी आहे. यज्ञाचा अधिकार फक्त पुरुषांना आहे हे ऐतिशायन नावाच्या आचार्याचे मत नोंदवून जैमिनीने ते खोडून काढले आहे. पती-पत्नींनी मिळून यज्ञ करावा आणि फळ दोघांचे, असा निर्णय त्याने दिला आहे. आपस्तंबही पती-पत्नींमध्ये धनाची वाटणी नसते असे सांगतो आणि पती बाहेरगावी असताना तिने प्रसंगी दान दिले तर ती चोरी ठरत नाही, असे पुढे जोडतो. या शेवटच्या शब्दांतच उत्तराची मर्यादा उघड होते. ज्या धनाची ती खरोखर अर्धी मालकीण आहे त्यातून दिलेल्या दानाबद्दल ‘ही चोरी नव्हे’ असे मुद्दाम सांगावे का लागले? फळात भागीदारी होती, निर्णयात नव्हती. पाहुणे किती येणार, किती दिवस राहणार, हे ठरवणारा एक आणि ते निभावणारी दुसरी, अशीच घडी पुढेही टिकली. वारकरी परंपरेने जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठलाला आणून बसवले तेव्हा या श्रमाला देवाच्या नजरेत जागा मिळाली, आणि मराठी मनावर त्या घटनेचा जो ठसा आहे तो कोणत्याही स्मृतीपेक्षा खोल आहे. तरी देवाने दळणाला हात लावल्यावरही घरधन्याने तो लावला नाही.

अन्नविक्रयाच्या निषेधाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आपत्काळी वैश्यवृत्तीने जगणाऱ्या ब्राह्मणाने ज्या वस्तू विकू नयेत त्यांच्या यादीत मनुस्मृती शिजवलेल्या अन्नाचा समावेश करते. म्हणजे तो निषेध एका वर्णापुरता आणि एका परिस्थितीपुरता होता. लोकव्यवहारात मात्र तो पसरला आणि खानावळ चालवणाऱ्या बाईकडे पाहण्याच्या नजरेत उतरला. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरून एकट्याने आलेल्या हजारो कामगारांना ज्या बायकांनी डबे आणि जेवण पुरवले, त्या सावकाराच्या व्याजात पिचत राहिल्या, आणि त्यांच्या कामाला धंदा म्हणून ओळख मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. प्रेमाताई पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खानावळवाल्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. आजच्या कोकणातील घरगुती निवास-न्याहरीची वाट तेथून येते.

अधिक खोल आक्षेप वेगळा आहे. आतिथ्याचे सौंदर्य त्याच्या निरपेक्षतेत असते. जो परतफेड करू शकत नाही त्याला, योग्य स्थळी आणि काळी, देणे हे आपले कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने दिलेले दान सात्त्विक, आणि परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले राजस, असे गीता म्हणते. दरपत्रक लावलेले आतिथ्य मग राजसही नव्हे, तो निव्वळ विक्रीचा व्यवहार झाला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो शब्दांनी झाकून टाकता येणार नाही. पैसे घेऊन वाढलेले जेवण हे दान नाही. त्याला दान म्हणवून घेण्याची गरजही नाही. ‘अतिथी देव’ हे वाक्य रंगीत अक्षरांत लावून दर वसूल करणारे पर्यटनाचे जाहिरातशास्त्र या ठिकाणी खोटेपणा करते, आणि त्याचा भार पुन्हा बाईवरच पडतो, कारण पैसे मोजलेल्या पाहुण्याला देवाचाही मान हवा असतो. रात्री अकरा वाजता चहा मागणारा, मुलांसाठी वेगळी भाजी मागणारा, आणि नकार मिळाला की गावात पूर्वीचे आतिथ्य राहिले नाही म्हणणारा पाहुणा हे त्या खोटेपणाचे फळ आहे.

अतिथीलाही धर्म असतो, ही गोष्ट परंपरेने सांगितली होती आणि ती आपण विसरलो. जे गृहस्थ बुद्धी न वापरता सदैव दुसऱ्याच्या अन्नावर डोळा ठेवून राहतात ते पुढच्या जन्मी अन्नदात्याची जनावरे होतात, इतक्या कठोर शब्दांत मनूने फुकट जेवणाऱ्यांना बजावले आहे. आणि अतिथीची व्याख्याच मुळी एक रात्र राहणारा अशी केली आहे. हाती पैसा असलेला, सुट्टी काढून मौजेसाठी आलेला मनुष्य या व्याख्येतील निराश्रित वाटसरू नव्हे. त्याने मोल द्यावे हेच त्याच्या बाजूने धर्म्य आहे, आणि मोल दिल्यावर घरच्या माणसासारखे वागावे हे त्याहून धर्म्य आहे.

या व्यवहारात तिसराही पक्ष आहे, आणि निसर्गपर्यटनाला इतर पर्यटनापासून वेगळे करणारा तोच आहे. पाच महायज्ञांत नृयज्ञाशेजारी भूतयज्ञ ठेवलेला आहे. घरात शिजलेल्या अन्नावर कुत्रा, कावळा, मुंगी यांचाही हक्क आहे, हे त्यातून रोज मान्य केले जाई. सह्याद्रीतील देवराया, म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेली आणि कुऱ्हाड न लावलेली वने, हा त्याच वृत्तीचा सामुदायिक आविष्कार होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला तेव्हा श्रद्धेने राखलेल्या या लहान तुकड्यांत दुर्मीळ वनस्पती टिकून राहिल्याचे स्पष्ट झाले. वेळासची वाळू किंवा मांडवीची खाडी ही याच अर्थाने राखीव जागा आहे. तेथे आलेल्या पाहुण्याचा यजमान एका परीने तो किनाराच असतो, आणि घरातील बाई त्याच्या वतीने पान वाढते. म्हणून पाहुण्यांची संख्या घरातील खोल्यांवरून ठरवून चालणार नाही, वाळू किती पावले सोसू शकते यावरून ती ठरली पाहिजे. खाडीत यंत्राच्या होड्यांची गर्दी झाली, किनाऱ्यावर रात्रभर दिवे जळू लागले आणि मादीने पाठ फिरवली, तर उत्पन्न वाढलेले असतानाही भूतयज्ञ बुडाला असे म्हणावे लागेल. वल्हे मारणाऱ्या स्त्रियांना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायकांना खाडीचा चिखल केव्हा रिकामा होतो हे कोणाही अभ्यासकाच्या आधी कळते.

तरीही एक कठीण गोष्ट उरतेच. यजमानीण होण्यासाठी आधी घर लागते: पक्के, संडास-न्हाणीघर असलेले, रस्त्याजवळचे. पाहुण्याला ‘घरचे’ म्हणून जे जेवण दाखवले जाते ते गावातील कोणत्या घरांचे, हेही न बोलता ठरलेले असते. कातकरी किंवा दलित वस्तीतील बाई या व्यवस्थेत पुष्कळदा भांडी घासायला येते, पान वाढायला नाही. पैशाने एक मोठे काम केले आहे: दर सर्वांना सारखा असतो, म्हणून पंगतीत कोण कोणत्या वर्णाचा हे विचारण्याचे कारण उरत नाही, आणि मनूने अतिथींमध्ये केलेली प्रतवारी दरपत्रकापुढे गळून पडते. पाहुण्याच्या बाजूने जी जात पुसली गेली ती यजमानाच्या बाजूने मात्र शाबूत राहिली, तर महाडचा प्रश्न सुटलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे. बचत गटाने चालवलेली खाडीची सफर या दृष्टीने घरगुती निवासापेक्षा अधिक न्याय्य ठरते, कारण होडीला अंगण लागत नाही.

दक्षिणा मिळाली तरी ती कोणाची, हा धर्मशास्त्रातील स्त्रीधनाचा प्रश्न आहे. स्त्रीधन म्हणजे ज्या धनावर स्त्रीचा स्वतंत्र अधिकार चालतो ते. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने त्याची व्याप्ती पुष्कळ वाढवली. परंतु स्मृतिकार कात्यायनाचे मत असे की स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हातच्या कसबाने, मिळवलेले आणि परक्या माणसाने प्रेमाने दिलेले धन पतीच्या ताब्यात जाते, बाकीचे स्त्रीधन. कात्यायनाचा मूळ ग्रंथ लुप्त झालेला आहे. त्याची विखुरलेली वचने गोळा करून ती स्मृती १९३३ मध्ये पुन्हा उभी करणारे पांडुरंग वामन काणे हे कोकणचेच. पर्यटनातून बाईच्या हाती येणारा पैसा पाहिला तर तो नेमका या दोन अपवादांत बसतो: कसबाची कमाई आणि परक्याने खूश होऊन दिलेली भेट. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने, स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेल्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख करून, तिची पूर्ण मालकी स्त्रीला दिली आणि कात्यायनाचा नियम उलटा केला.

कायदा बदलला तरी कागद सावकाश बदलतात. घर बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून निवासाची नोंदणी त्याच्या नावावर, आरक्षणाचा फोन त्याच्याकडे, आणि पैसे जमा होतात तेही त्याच्याच खात्यात. चहा-नाश्ता तेवढा तिच्याकडे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले आणि काही वर्षांनी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितले, तेव्हा घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडणे हीच भाषा वापरली होती. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘आई’ या पर्यटन धोरणात १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज परत देण्याची तरतूद आहे, आणि व्यवसाय स्त्रीच्याच मालकीचा व तिनेच चालवलेला असावा ही अट आहे. ती अट योजनेतील पैशापेक्षा मोलाची आहे, कारण नावापुरती मालकीण दाखवून चालवलेला व्यवसाय ही सहधर्मिणीच्या जुन्या अर्ध्या वाट्याची नवी आवृत्ती ठरेल.

मालकीचा हा आग्रह धर्मविचाराच्या बाहेरून आणलेला नाही. दानाची जी व्याख्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलनग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांनी, स्थिर केली ती अशी की आपल्या वस्तूवरील आपले स्वामित्व सोडून दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे म्हणजे दान. ज्याचे स्वामित्वच नाही त्याला काटेकोर अर्थाने दान देता येत नाही. त्याच्या हातून फक्त दुसऱ्याचे दान पोहोचवले जाते. सूर्यास्ताला दाराशी आलेल्या अतिथीला परत पाठवू नये असे मनू सांगतो, आणि एसटी चुकलेला, रस्ता तुटल्यामुळे अडकलेला, आजारी पडलेला मनुष्य आजही कोकणातल्या घरात पैशाचा विषय न काढता जेवतो. फोनवरून खोली राखून ठेवणारा आणि दाराशी अडकून उभा असलेला, हे दोघे वेगवेगळे पाहुणे आहेत हे घरच्या बाईला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पहिल्याकडून तिने पूर्ण मोल घ्यावे, हंगामातही एखादा दिवस घर बंद ठेवून त्याला नाही म्हणावे, आणि ते मोल तिच्याच नावावर जमा व्हावे. त्यानंतर दुसऱ्या पाहुण्यापुढे ती जे पान मांडील ते तिच्या स्वतःच्या धनातून मांडलेले असेल, आणि त्या दानाची यजमान तीच असेल.